रक्ताच्या नात्यात कुणी?

४ फेब्रुवारी

दादा,

‘सप्रेम नमस्कार’ लिहायला घेतलं होतं. पण प्रेम आत्ता शोधूनही सापडत नाहीये, आणि नमस्कार करावा असं तू काही केलेलं नाहीस. तेव्हा नुसतंच दादा.

चार वेळा फोन केला. चारही वेळा माझा आवाज ऐकून तू ठेवून दिलास. चौथ्या वेळी तर ‘राँग नंबर’ म्हणालास, ते बहुधा समोर उभ्या असलेल्या गिऱ्हाइकासाठी. म्हणून पत्र. हे फाडलंस तर दुसरं लिहीन, माझ्याकडे कागद भरपूर आहेत.

वहिनीने मला सगळं सांगितलंय. तिच्यावर डाफरायचं नाही. ती बिचारी शेजारच्या शिवणवालीच्या घरी जाऊन, तिला बाहेर उभं करून माझ्याशी बोलली. लग्नाला चोवीस वर्षं झालेल्या बाईला स्वतःच्या लेकीविषयी बोलायला दुसऱ्याचा फोन लागतो, एवढ्यावरूनच समज काय ते.

भिंगरी दोन महिने अंथरुणातून उठत नव्हती. एकोणीस वर्षांची पोर, जी जिना कधी चालत उतरली नाही, कायम उड्या मारत, ती आंघोळीलाही उठेना. तू तिला डॉक्टरकडे नेलंस. हे ऐकून मला खरंच बरं वाटलं. तीन तास लांबच्या गावातल्या, जिथे आपल्याला कुत्रं ओळखत नाही अशा डॉक्टरकडे नेलंस. तेही चालेल म्हटलं.

तिथे तुला फॉर्म दिला. सातवा प्रश्न: रक्ताच्या नात्यात कुणाला मानसिक आजार आहे किंवा होता का? वहिनी तुझ्या शेजारी बसली होती. ती सांगते, तू पेन उचललंस, एकदा दाराकडे बघितलंस, आणि ‘नाही’ लिहिलंस. शिवाय त्याच्याखाली रेघही मारलीस.

मी मेले का रे? आणि मेले असते तरी उत्तर ‘होय’च आलं असतं, प्रश्नात ‘होता का’ असंही आहे.

बावीस वर्षांपूर्वी माझ्या डॉक्टरांनी तुला आणि आप्पांना समोर बसवून सांगितलं होतं. मीही तिथेच होते, गुंगीत असले तरी बहिरी नव्हते. ते म्हणाले, हिला बायपोलर आहे, दोन टोकांचा आजार. अशा माणसाला उदास असताना नुसती उदासीवरची गोळी दिली तर ते दुसऱ्या टोकाला फेकलं जाऊ शकतं. पुढे घरात कुणाला असं काही झालं, तर डॉक्टरांना आधी हिच्याबद्दल सांगा. आप्पांनी मान हलवली. तूही हलवलीस.

या डॉक्टरांनी तुझ्या ‘नाही’वर विश्वास ठेवला. का ठेवू नये? पोटच्या पोरीच्या फॉर्मवर बाप खोटं लिहील असं कुणाच्या मनात येईल? त्यांनी उदासीवरची गोळी दिली. बाराव्या दिवशी भिंगरी उठली. तुम्हाला आधी आनंदच झाला म्हणे. मग ती झोपेचना. कुलपांच्या दुकानात येऊन तिने कोऱ्या किल्ल्यांचे सगळे खोके जमिनीवर ओतले आणि नव्याने रांग लावायला बसली. एका गिऱ्हाइकाला म्हणाली, तुमचं कपाट मला हाका मारतंय. तू भर दुपारी शटर खाली ओढलंस.

आणि मग काय केलंस? गोळ्या बंद, डॉक्टर बंद, आणि पोरगी माळ्यावरच्या खोलीत बंद. लोकांना सांगितलंस, कॉम्प्युटरच्या कोर्सला परगावी गेलीय.

उद्या सकाळी पहिल्या गाडीने त्या डॉक्टरांकडे जा. सातव्या प्रश्नापुढचं ‘नाही’ खोड. ‘होय, सख्खी बहीण’ लिही. आजाराचं नाव लिही, माझ्या गोळ्यांची नावं मी सोबतच्या चिठ्ठीत दिली आहेत. तीन ओळींचं काम आहे. एवढं केलंस तर बाकीच्या सगळ्याबद्दल मी पुन्हा तोंड उघडणार नाही.

तुझ्या फॉर्मवर नसलेली,
तुझी बहीण


१२ फेब्रुवारी

दादा,

तुझं उत्तर मिळालं. सहा ओळी. त्यातल्या दोन पत्त्याच्या.

‘तुझं आणि तिचं सारखं नाही. तिला अभ्यासाचं टेन्शन आलंय. विश्रांतीने बरी होईल. दुकानाच्या पत्त्यावर पत्र पाठवू नकोस, गिऱ्हाईकं बघतात.’

विश्रांती! दाराला बाहेरून कुलूप घालून द्यायची विश्रांती तूच शोधून काढलीस, की आप्पांकडून वारशात आली?

तुला आठवत नसेल तर मी आठवण करून देते, कारण मला त्याच खोलीत ठेवलं होतं. अकरा दिवस. हॉस्पिटलात नेलं ते त्यानंतर, मी खिडकीतून खालच्या लोकांना भाषण द्यायला लागले तेव्हा. गल्लीला तू सांगितलंस की हिला कावीळ झालीय. लोक चांगले, त्यांनी महिनाभर बिनतेलाचं जेवण पाठवलं. ते तुम्ही जेवलात. मला अजूनही त्या गल्लीतलं कुणी बाजारात भेटलं तर ते आधी माझे डोळे बघतं, पिवळे आहेत का म्हणून. एकदा एका म्हातारीने माझी खालची पापणी ओढूनच बघितली.

हसू येतंय ना? मलाही येतं. पण पुढचं मी तुला कधी सांगितलं नव्हतं.

त्या खोलीच्या दारात बसवलेलं कुलूप आतूनही उघडायचं, आठवतंय? ते मीच दुरुस्त केलं होतं, सोळाव्या वर्षी. डोक्यातल्या एका पिनेने मी ते तीन मिनिटांत उघडलं असतं. पिना माझ्या केसांत होत्या, कुणी काढून घ्यायचं डोकं चालवलं नव्हतं. अकरा दिवस मी त्या कुलपासमोर बसले आणि हात लावला नाही. का, सांगू? कारण तुमचे चेहरे बघून माझी खात्री पटली होती की बाहेरच्या लोकांना माझ्यापासून वाचवायला हवं. आजारामुळे मला बरंच काही वाटत होतं, मी उडू शकते, मी देशाची पंतप्रधान आहे. पण मी घाण आहे हे आजाराने सांगितलं नव्हतं. ते तुम्ही दोघांनी सांगितलंत, एकही शब्द न बोलता.

वहिनी म्हणते, या वेळी तू दारातलं कुलूप न वापरता बाहेरून कडी-कोयंडा ठोकलास आणि सात लिव्हरचं मोठं कुलूप घातलंस. म्हणजे आतून उघडायची सोयच नाही. माझ्या वेळेपासून एवढी सुधारणा केलीस. शाबास.

आप्पा काय म्हणायचे ते मला पाठ आहे. लोक आपल्या हातात घराच्या किल्ल्या देतात, आपल्या घरात वेड आहे असं कळलं तर उद्या कोण दारात उभं करेल. ते दुष्टपणाने म्हणत नव्हते. घाबरून म्हणत होते, तूही घाबरलेला आहेस. मला ते कळतं. पण तू पन्नाशीचा बाप्या आहेस आणि ती एकोणीस वर्षांची आहे, आणि तुझ्या भीतीची शिक्षा ती भोगतेय.

शनिवारपर्यंत वाट बघते. मग मी येते.

बहीण

ता. क. हेही पत्र दुकानाच्याच पत्त्यावर पाठवतेय.


१७ फेब्रुवारी

दादा,

मला यावं लागलं नाही.

शोधत असशील म्हणून सांगते: त्या दोघी सुखरूप आहेत. भिंगरी इथल्या सरकारी हॉस्पिटलात भरती आहे, बायकांचा मानसोपचार वॉर्ड, दुसरा मजला. वहिनी माझ्याकडे आहे. पोलिसात जायचं असेल तर जा, पण तिथे तुला आधी सांगावं लागेल की पोरगी कोर्सला गेली नव्हती.

परवा दुपारी वहिनीचा फोन आला, शिवणवालीकडूनच. तू माल आणायला गेला होतास. ती रडत म्हणाली, “वन्सं, किल्ली ते खिशात घालून गेलेत. पोरगी आत दारावर डोकं आपटतेय. मी काय करू?” मी म्हटलं, “रडू नका. दाराजवळ जा आणि मला सांगा, कडीचे स्क्रू दिसतात का?” ती गेली, आली, म्हणाली, “दिसतात की. चार.”

मला आधी वाटलं ती चुकतेय. परत बघायला लावलं. चार स्क्रू, बाहेरच्या बाजूला, उघडे.

दादा, आप्पांनी आपल्याला पहिल्या आठवड्यात शिकवलेली गोष्ट. कडी अशी बसवायची की बंद झाली की स्क्रू तिच्याखाली झाकले गेले पाहिजेत. कुणी गिऱ्हाइकाने घरी उलटी बसवलेली असली की तू दुकानात दिवसभर त्याची चेष्टा करायचास. “साहेब, चोरासाठी खुर्ची पण ठेवा, दमला तर बसेल.” आणि तीस वर्षं कुलपं बसवणाऱ्या माणसाने स्वतःच्या लेकीच्या दाराला तीच चूक केली. वहिनीने सुरीच्या टोकाने चार स्क्रू काढले. तुझं सात लिव्हरचं कुलूप बंदच होतं, कडीसकट खाली पडलं.

मी दोन दिवस याच्यावर विचार करतेय. घाई होती? की कुठेतरी आत तुला वाटत होतं की कुणीतरी हे उघडावं? तसं असेल तर मला सांग. माझा बराच राग जाईल. सगळा नाही जाणार.

बसमध्ये तिने सगळ्या प्रवाशांशी गप्पा मारल्या म्हणे. कंडक्टरला गाणं म्हणून दाखवलं. माझ्या दारात आली तेव्हा ओठ फुटलेले, कपाळावर ही एवढी सूज, पायात वहिनीच्या चपला. मला मिठी मारून म्हणाली, “आत्या, मी आठवड्यात बत्तीस कविता लिहिल्या, ऐकवू? तू जाड झालीस. बाबा कसे आहेत? त्यांना सांग मी रागावले नाहीये, मला वेळच नाही रागवायला!” आणि हसत सुटली. ते हसणं मी ओळखते, मी आतून ऐकलेलं आहे. तासाभरात तिला हॉस्पिटलात नेलं.

डॉक्टरीण तरुण आहे, डोळ्याखाली काळी वर्तुळं. मी म्हटलं, “मी तिची सख्खी आत्या, मला बायपोलर आहे, बावीस वर्षं, या गोळ्या लागू पडल्या, ही चिठ्ठी.” ती लिहिता लिहिता थांबली. म्हणाली, “हे आधीच्या डॉक्टरांना कुणी सांगितलं नाही?” वहिनीने मान खाली घातली. मीही काही बोलले नाही. तुझी लाज मीच झाकली बघ त्या क्षणी, सवयीने. बाहेर आल्यावर स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटली.

आणि आता एक गोष्ट, जी मला लिहायची नव्हती. संध्याकाळी सुईमुळे जरा शांत झाल्यावर भिंगरीने विचारलं, “आत्या, तू जिथे काम करतेस तिथे माहितेय का, तुझं?” मी म्हटलं, “हो मग! सगळ्यांना माहितेय.”

कुणालाही माहीत नाही. नऊ वर्षं मी त्या हार्डवेअरच्या दुकानात किल्ल्या बनवतेय, जेवल्यावर सगळ्यांसमोर गोळी घेते आणि सांगते, थायरॉइडची आहे. तू कावीळ, मी थायरॉइड. एकाच घराण्यातले शोभतो.

बहीण


२६ फेब्रुवारी

दादा,

भिंगरी आता पाच-सहा तास झोपते. जेवते. हात थरथरतात, त्याला वेळ लागेल म्हणाले. वहिनीच्या दोन पत्रांना तू उत्तर दिलं नाहीस. ती रोज पोस्टमनची वाट बघते, मला ते बघवत नाही.

मी मालकांना सांगितलं.

सोमवारी दुकान उघडल्या उघडल्या, ते चहात बिस्किट बुडवत होते तेव्हा. म्हटलं, “मालक, त्या गोळ्या थायरॉइडच्या नाहीत. मला मानसिक आजार आहे. माझी भाची त्याच आजाराने हॉस्पिटलात आहे, म्हणून रोज चारला निघते.” बिस्किटाचा अर्धा तुकडा चहात पडला. ते बराच वेळ तो चमच्याने शोधत राहिले. मग म्हणाले, “म्हणजे... म्हणजे कसं, अचानक काही होतं का?” मी म्हटलं, “नऊ वर्षांत झालं का?” ते म्हणाले, “नाही, तसं नाही.” मग म्हणाले, “काही दिवस तुम्ही काउंटरवरच बसा. लोकांच्या घरी जायचं काम नको.”

नऊ वर्षं. मी उघडून दिलेली दारं मोजली तर आख्खं शहर होईल. आत अडकलेलं तान्हं मूल मी बाहेर काढलंय, बाथरूममध्ये पडलेली आजी काढलीय. यांच्या स्वतःच्या तिजोरीची किल्ली हरवली तेव्हा तिच्यासमोर मला एकटीला बसवून हे जेवायला गेले होते! सोमवारी जेवताना गोळी घेतली तर दुकानातले तिघेही माझ्या हाताकडे बघत होते, जसा काही मी बॉम्ब गिळतेय.

हे वाचून तू म्हणशील, “बघ, सांगत नव्हतो?” म्हण. तुझी भीती खोटी नव्हती, हे मी आज कबूल करते. लोक घाबरतात. काम जातं. मी तीन दिवस काउंटरवर बसून खिळे मोजून दिले आणि रागाने दोनदा चुकले.

चौथ्या दिवशी आमचा दुसरा कारागीर, ज्याला सगळे धसमुसळ्या म्हणतात, त्याने एका वकिलीणबाईंचं कुलूप उघडायला जाऊन दारच फोडलं. त्या दुकानात येऊन मालकांवर तुटून पडल्या. मालक माझ्याकडे न बघता म्हणाले, “ताई, जरा जाऊन येता का?” गरज पडली की वेडी चालते. मी पेटी उचलली. दारात थांबून म्हटलं, “मालक, उद्यापासून बाहेरचं काम माझं मला परत हवं. नाहीतर हे दारही धसमुसळ्यालाच नीट करू दे.” ते “बरं, बरं, बघू” म्हणाले. मी हलले नाही. वकिलीणबाई घड्याळ बघायला लागल्या. मग म्हणाले, “बरं, तुमचंच.”

मनापासून म्हणाले का? नाही. अजूनही माझ्याशी बोलताना ते आवाज मऊ करतात, लहान मुलाशी बोलावं तसा, त्याचा मला भयंकर संताप येतो. पण काम माझं आहे. आणि संध्याकाळी जाऊन मी भिंगरीला खरं सांगितलं, की त्या दिवशी मी तुझ्याशी खोटं बोलले होते, आता खरं झालं. ती म्हणाली, “मला माहीत होतं. तू ‘हो मग’ असं कधीच म्हणत नाहीस.”

ती तुझी वाट बघतेय. वॉर्डच्या दाराकडे तोंड करून बसते. एवढंच लिहायचं होतं, बाकीचं उगाच वाढलं.

बहीण


६ मार्च

दादा,

काल तू आलास.

मी औषधं आणायला खाली गेले होते, वहिनी डॉक्टरीणबाईंकडे होती. मी वर आले तोवर तू गेलाही होतास. भिंगरीच्या मांडीवर सफरचंदांची पिशवी होती. चेहरा इतका खुलला होता की मी जिन्यात तुझ्यामागे धावायचं सोडून तिच्याजवळ बसले. तिने सांगितलं, बाबांनी डोक्यावर हात ठेवला, जेवतेस ना विचारलं, सूज उतरली का बघितलं. तुझे डोळे भरले होते, हेही सांगितलं. मी मनातल्या मनात तुला इतकं माफ केलं म्हणून सांगू! वाटलं, या सगळ्या पत्रांबद्दल माफीच मागावी.

मग निघताना मी वॉर्डच्या दारातल्या भेटीच्या वहीत माझी वेळ लिहायला गेले. माझ्याखालच्या ओळीत तुझं अक्षर. पेशंटचं नाव. आत आल्याची वेळ पाच दहा, गेल्याची पाच एकवीस. नात्याच्या रकान्यात ‘शेजारी’.

सिस्टरना विचारलं. त्या म्हणाल्या, “हो, ते शेजारचे काका ना? मी विचारलं कोण तुम्ही, तर म्हणाले शेजारी. तुमची पेशंट इथेच उभी होती की, दारातच.”

म्हणजे तिने ऐकलं. तीन हातांवरून ऐकलं, आणि तरी तुझ्या हातातली पिशवी घेतली, तुला खाटेवर बसवलं, तुझ्याशी हसून बोलली.

मी परत आत गेले. तिच्या शेजारच्या खाटेवर एक बाई आहेत, तोंडाळ पण प्रेमळ, त्या तिला विचारत होत्या, “कोण गं आले होते, वडील का? नाक अगदी तुझ्यासारखंच.”

आणि तुझी लेक सफरचंद पुसत म्हणाली, “नाही हो, शेजारचे काका. फार चांगले आहेत.”

ती आजारात बोलली नाही, दादा. तिची ही पंधरा दिवसांतली सगळ्यात शहाणी, सगळ्यात शांत वेळ होती. तिने विचार करून तुला सांभाळून घेतलं. हॉस्पिटलच्या खाटेवर बसून, थरथरत्या हातांनी, ती तिच्या बापाची लाज झाकतेय.

तुझं फॉर्मवरचं ‘नाही’ मी बदलू शकले, कारण ते माझ्याविषयी होतं. हे मला बदलता येत नाही. मी वहीत पेन टेकवलं होतं. सिस्टर म्हणाल्या, ज्याने लिहिलं त्यानेच खोडायचं असतं.

भेटीची वेळ रोज चार ते सहा. वही दारातच, डाव्या बाजूच्या टेबलावर असते. आधी ती उघडून ते ‘शेजारी’ खोड, मगच आत पाऊल टाक. तेवढं करायची हिंमत नसेल तर परत येऊ नकोस. शेजाऱ्यांची आम्हाला गरज नाही.

तिची आत्या